मालवणच्या फ्रेमवाल्या काकांना, दसऱ्यापर्यंत थांबवलंत म्हणून

काका, नमस्कार.

फ्रेंच चित्रकार सेझानचा समुद्र भिंतीवर लागला. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, साधारण 1885 सालचं: फ्रान्समधल्या एस्ताक गावातून दिसणारं मार्सेचं आखात. पुढ्यात तांबूस छपरं आणि एक धुराडं, मग निळ्याचा सलग पट्टा, पलीकडे डोंगर. निळ्या समुद्रावर लाल छपरं, जणू पत्त्याचं पान, असं सेझाननं 1876 मध्येच या गावाबद्दल आपल्या चित्रकार मित्राला, पिसारोला, कळवलं होतं. तुम्ही प्रिंट उलगडताच विचारलंत, "ही मंगलोरी कौलां मां?" एस्ताकला कौलांचे कारखाने होते, तेव्हा नजर अचूक गेली म्हणायची.

छपाईपुरतं आमचं खातं. सेझान 1906 मध्ये गेला, त्यामुळे हक्काचा प्रश्न नाही. (चित्रकार सय्यद हैदर रझांचं निसर्गचित्र असं परवानगीशिवाय छापता येत नाही, आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतो आणि ते 2016 मध्ये गेले.) 24 इंच रुंदीला इंचामागे 300 च्या हिशोबानं 7200 पिक्सेल लागतात. 4800 वरही निभावतं, त्याखाली ब्रशचे फटकारे विरघळल्यासारखे दिसतात. मूळ चित्र 73 बाय 100.3 सेंटिमीटर, म्हणजे 24 ला उंची साडेसतरा. 18 बाय 24 च्या तयार फ्रेमीत ते गच्च भरायचं तर बाजूंनी मिळून जवळपास पाऊण इंच छाटावं लागतं. असली कापाकापी आम्ही करत नाही. म्हणून चारी बाजूंना दोन इंच कोरा कागद सोडला आणि प्रिंट तुमच्याकडे आणली. तेव्हा आषाढ चालू होता.

"आता बंद करूक नको, दसरो जाऊंदे," एवढंच म्हणालात. बरोबरच होतं. सुती कागद आणि माउंटबोर्ड (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) पावसाळ्यात हवेतलं पाणी पिऊन बसतात. तसेच काचेमागे टेपनं बंद केले, तर काच गार झाली की तेच पाणी आतून काचेला धरतं. आधी धुरकटपणा येतो, मग बुरशीचे तपकिरी ठिपके. आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला आणखी काही लागत नाही. दसऱ्यानंतर बोर्ड, कागद, पाठीचा पत्रा सगळं दोन दिवस एसीच्या खोलीत उभं ठेवलंत आणि आर्द्रतेचा मीटर 50 टक्क्यांच्या आसपास आल्यावरच काच, माउंट, पाठ एकत्र धरून कडेनं अॅल्युमिनियमची टेप फिरवलीत.

खळीबद्दल मात्र खास आभार. बाजारातल्या फ्रेमीत प्रिंट सर्रास चारी कडांनी चिकटवतात. पावसात कागद फुगतो, पण सरकायला जागा नसते, मग लाटा उठतात. तुम्ही वरच्या कडेला फक्त दोन बिजागऱ्या दिल्यात, जपानी कागदाच्या. खळ मैद्याची नाही, कुरडईला काढतात त्या गव्हाच्या सत्त्वाची: एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धा तास ढवळत, पारदर्शक होईपर्यंत, मग गाळून. मोरचूद नाही. बांधणीवाले कसर लागू नये म्हणून तो घालतात, पण त्यातलं तांबं पुढे कागदच खातं. सेलोटेपचं नाव काढल्यावर तुम्ही ज्या नजरेनं पाहिलंत, ती आमच्या लक्षात आहे.

फणसाच्या लाकडाच्या खाचेला आतून अॅल्युमिनियमची पट्टी लावलीत, म्हणजे लाकडातलं आम्ल बोर्डात उतरायचं नाही. माउंटमुळे काच आणि शाई यांच्यात जागा राहिली. चिकटलेली प्रिंट काचेवरून सुटी करता येत नाही. खिळे लोखंडी नाहीत, पितळी स्क्रू आहेत. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचा गंज दोन पावसात माउंटवर उतरला असता.

भिंत निवडलीत तीही पश्चिमेची नव्हे. चिऱ्याची भिंत झड पिते, मग आतल्या बाजूनं महिनोन् महिने ओल सोडते. मधली भिंत, खाली दोन बुचाचे तुकडे, म्हणजे फ्रेमीमागे बोटभर हवा खेळती. भोक ड्रिल मशीनचा हातोडा बंद ठेवून पाडायला लावलंत. चिरा मऊ, हातोड्यावर मशीन चाललं की भोक वाढतं आणि प्लग फिरत राहतो.

एकच गोष्ट तुमच्याविरुद्ध केली. तुम्ही सुचवलेला पिवळा बल्ब काढून 100 पैकी 90 च्या वर रंगनिष्ठा (CRI, म्हणजे रंग किती खरे दिसतात) असलेला एलईडी लावला. जुन्या बल्बखाली समुद्र शेवाळी दिसत होता. आता निळा आणि तांबडा वेगवेगळे उभे राहतात. येऊन बघा, नाही पटला तर बदलू.

काकींचं खळीचं पातेलं आमच्याकडेच राहिलंय. घासून ठेवलंय, पुढच्या फेरीत आणतो.

तुमचे,
छपाईवाले दोघे