खोल्यांची संख्या ठरण्याआधी पाइपांच्या वाटा ठरू द्या

माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

वारसा वास्तूचे हॉटेल करण्यासाठी येणाऱ्या नकाशांत दर्शनी भाग, खिडक्या, रंग सगळे असते. पाणी, सांडपाणी, वीज आणि थंड हवा कुठून जाणार, हे मात्र बहुधा नसते. इमारतीला खरी इजा तिथेच होते.

सर्वांत मोठा घात सांडपाण्याचा. १०० मिमीच्या पाइपाला १:४० उतार दिला, तर ८ मीटर अंतरात तो २०० मिमी खाली येतो. पाइपाचा व्यास धरून ३०० मिमीहून अधिक खोली लागते. लाकडी मजल्यात एवढी जागा कुठली? मग तुळयांना खाचा पडतात. २०० मिमी उंचीच्या तुळईला मध्यावर ५० मिमी खाच मारली, की तिथली भार पेलण्याची ताकद सुमारे ४४ टक्क्यांनी घटते, कारण ती उंचीच्या वर्गावर अवलंबून असते. वर फरशी बसली की हे कुणाला दिसतही नाही. न्हाणीघरे एकावर एक आणि उभ्या पाइपाच्या दोन-तीन मीटरांत ठेवली, तर हा प्रश्नच येत नाही. त्यापायी काही खोल्या कमी झाल्या, तर खुशाल होऊ द्याव्यात.

चुन्याच्या भिंतीत झिऱ्या पाडून त्या सिमेंटने बुजवणे तर बंदच व्हायला हवे. चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट ती वाट अडवते. ओल शेजारच्या चुन्यातून बाहेर पडते, क्षार तिथे साचतात आणि गिलाव्याचा भुगा होतो. वायरी वापरात नसलेल्या धुराड्यांतून किंवा भिंतीच्या तळपट्टीमागून नेता येतात.

वातानुकूलनासाठीच्या थंड पाण्याचे पाइप साधारण ७ अंश सेल्सिअसवर असतात. त्यांच्या आवरणाचा एक सांधा जरी उघडा राहिला, तरी दमट हवेत तिथे पाणी सुटते आणि छतातले लाकूड कुजते. १०,००० लिटरची टाकी म्हणजे १० टन वजन. ती माथ्यावर नको, जमिनीवर पंपासह हवी. मजल्यांतून जाणाऱ्या प्रत्येक पाइपाभोवतीची फट अग्निरोधक भरावाने बंद हवी, नाहीतर धूर त्याच वाटेने वर चढतो.

म्हणून परवानगीच्या अर्जासोबतच सर्व सेवांचा एकत्रित नकाशा, प्रत्येक छिद्राची जागा व व्यास आणि तुळयांच्या भाराची गणिते सक्तीची करावीत. फरशी व छत झाकण्यापूर्वी वारसा अभियंत्याने प्रत्यक्ष पाहणी करून सही केल्याशिवाय पुढचे काम सुरू होऊ नये.

आपले,
इमारत सेवा अभियंते