अ‍ॅपमधली ती लाल पट्टी

प्रिय चिऊ,

काल रात्री तुझा स्क्रीनशॉट आला आणि खाली नुसतं "आई, माझं आयर्न रोजच कमी पडतंय" एवढंच, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. फोनवर तू नेहमी घाईत असतेस म्हणून लिहूनच पाठवते, सावकाश वाच.

तुझ्या त्या जेवण मोजायच्या अ‍ॅपमध्ये लोहाचं (आयर्नचं) रोजचं टार्गेट १८ मिलिग्रॅम दिसतंय, तो अमेरिकेतल्या बायकांचा आकडा आहे. आपल्याकडचे आकडे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था काढते, त्यांच्या २०२० च्या यादीत तुझ्या वयाच्या बाईला २९ मिलिग्रॅम लिहिलंय. आता हे वाचून लगेच मेडिकलमध्ये पळू नकोस, आधी ऐक. आपलं ताट म्हणजे पोळी, भात, वरण, उसळ, आणि धान्या-डाळींमध्ये फायटेट असतं ते लोहाला धरून ठेवतं, त्यामुळे पोटात गेलेल्यातलं जेमतेम ८ टक्के अंगी लागतं असं धरून आपला आकडा काढलाय. त्यांच्याकडे मांसाहार जास्त, त्यातलं लोह सहज शोषलं जातं, म्हणून त्यांचं कमीत भागतं.

आणि मुख्य गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. हा २९ चा आकडा म्हणजे पास व्हायचे मार्क नाहीत गं. त्याच यादीत आणखी एक आकडा असतो, सरासरी गरजेचा, तो बायकांसाठी १५ आहे. म्हणजे शंभर निरोगी बायका घेतल्या तर पन्नासेक जणींना १५ मध्येच पुरतं, आणि २९ एवढ्यासाठी की शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणींची गरज त्यात भागावी, अगदी जिची पाळी जास्त जाते तिचीसुद्धा. तू रोज १९-२० पर्यंत जातेस, तेव्हा पट्टी लाल दिसली म्हणून तुला कमतरता आहे असं होत नाही, आणि पुरतंच आहे असंही मी इथे बसून सांगू शकत नाही, कारण त्या शंभरात तू कितवी ते कुठल्याच अ‍ॅपला माहीत नाही. शिवाय हा हिशोब एका दिवसाचा नसतोच, आठ-पंधरा दिवसांची सरासरी बघायची असते. एक दिवस मॅगीवर काढलास म्हणून रक्त कमी होत नाही.

आकडे बदलतातसुद्धा. २०१० च्या यादीत बायकांचं लोह २१ होतं आणि कॅल्शियम ६००, २०२० मध्ये तेच २९ आणि १००० झालं. दहा वर्षांत आपली हाडं बदलली नाहीत, हिशोबाची पद्धत बदलली. म्हणून ते खोटे आहेत असं अजिबात नाही, शाळेतलं जेवण, अंगणवाडीतला आहार ठरवायला असे आकडे लागतातच, पण ते समूहासाठी आणि निरोगी माणसांसाठी काढलेले असतात.

निरोगी हा शब्द लक्षात ठेव. तू सातवीत होतीस तेव्हाची गोष्ट, मी डब्यात कच्चे तांदूळ ठेवून दिवसभर चघळायचे, आठवतंय? जिना चढताना धाप लागायची, नखं पांढरीफटक. मला वाटायचं मी तर बाजरीची भाकरी खाते, मेथी खाते, लोखंडी कढईत भाजी करते, मग कशाला तपासायचं. पाळी नऊ-दहा दिवस जात होती आणि मी ते अंगावर काढत होते. तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८, फायब्रॉईड निघाला, म्हणजे गर्भाशयातली गाठ. रक्त त्या वेगाने जात असताना ताटातून ते भरून निघणारच नव्हतं, आणि तांदूळ चघळावेसे वाटणं हे लोह कमी झाल्याचंच लक्षण होतं हे मला डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मला ६० मिलिग्रॅमची लोहाची गोळी दिली. यादीत रोजची वरची मर्यादा ४५ आहे, पण ती निरोगी माणसाने आपल्या मनाने ओलांडू नये म्हणून, डॉक्टर आजारावर देतात तो डोस वेगळा. म्हणून तुझ्या रूममेटच्या लोहाच्या गोळ्या तिच्यापाशीच राहू देत.

प्रोटीनचंही तसंच, यादीत किलोमागे ०.८३ ग्रॅम, तुझ्या ५२ किलोला ४३ होतात. जिमवाला शंभर म्हणतो तो कशावरून, विचार त्याला.

तू एवढंच कर. जेवणावर लगेच चहा घेतेस तो तासभर पुढे ढकल, चहातलं टॅनिन लोह अडवतं. मेसच्या वरणावर, उसळीवर लिंबू पिळत जा. आणि शनिवारी लॅबमध्ये जाऊन हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही कर, नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिनवरून अंगातला लोहाचा साठा कळतो, तो आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. पैसे बाबांनी पाठवलेत. पाळी किती दिवस जाते तेही मला खरं खरं सांग, लाजू नकोस.

रिपोर्टचा फोटो नीट काढ, फेरिटिनची ओळ वाचता येईल असा, मागच्या वेळी अर्धा कागद कापला गेला होता.

तुझी,
आई