अप्पा म्हणतात, इथेच राहतो

टँपा, फ्लोरिडा
२२ डिसेंबर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व कुशल आहे. अप्पांचा रक्तदाब आटोक्यात आहे, माझी पाठ आहे तशीच आहे. प्रकृतीचा विषय इथेच संपला असे समज. फोनवर बोलता आले असते, पण आमच्या घरात फोनवर उच्चारलेले प्रत्येक वाक्य अप्पांच्या खोलीपर्यंत पोहोचते, आणि तू फोन उचलतोस तेव्हा तुझ्या गल्ल्यासमोर चार गिऱ्हाइके उभी असतात. शिवाय अडचणीचा प्रश्न आला की फोनवर तू "हो, हो" म्हणून पावसापाण्याकडे वळतोस, ही तुझी शाळेपासूनची खोड आहे. कागदाला तुला सरळ उत्तर द्यावे लागेल.

गेल्या मंगळवारी आम्ही सगळे ऑर्लँडोला, डिस्नेच्या मॅजिक किंगडममधल्या नाताळच्या पार्टीला गेलो होतो. मंगलवहिनी विचारतील म्हणून आधी ही पार्टी काय असते ते सांगतो. दिवसाचे तिकीट काढून आलेल्या लोकांना संध्याकाळी बाहेरची वाट दाखवतात, आणि ज्यांनी त्या रात्रीचे वेगळे तिकीट काढले आहे, त्यांच्या मनगटाला पट्टी बांधून संध्याकाळी सातपासून रात्री बारापर्यंत ते सगळे उद्यान त्यांच्या हवाली करतात. पट्टीवाल्यांना चार वाजल्यापासूनच आत सोडतात, त्यामुळे सगळे जण चारलाच येतात. तिकीट माणशी दीडशे डॉलरच्या वर आहे. हा आकडा अप्पांच्या कानावर जाऊ द्यायचा नाही, असे शुभदाने मुलांना बजावले होते. आमची गाडी महामार्गाला लागण्याआधीच अर्णवने तो सांगून टाकला. मी स्टिअरिंग घट्ट धरून गुणाकाराची वाट पाहत होतो. जत्रेत पाळण्याच्या एका फेरीसाठी ज्यांनी आपल्याकडून वहीत जमाखर्च लिहून घेतला, त्या माणसाला रुपयांत रक्कम काढायला कितीसा वेळ लागणार? पण अप्पा "बरं" म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. मला तिथेच काहीतरी कळायला हवे होते, असे आता वाटते.

आत गेल्यावर ते वेगळेच होते, सुधीर. समोर सिंड्रेलाचा किल्ला. १८९ फूट उंच आहे, पण वाटतो त्याहून कितीतरी उंच. अप्पा भर गर्दीत थांबले, एक डोळा मिटला, अंगठा पुढे धरला आणि अर्णवला म्हणाले, "वरच्या खिडक्या खालच्यांपेक्षा लहान केल्यात बघ. लबाडी आहे, पण भूमितीतली आहे." खरोखरच तसे आहे, वर जावे तसतसे प्रमाण लहान करत नेले आहे. मग मी त्यांना सांगितले की आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तीसुद्धा जमीन नव्हे. १९७१ साली हे उघडण्यापूर्वी पुढचे तळे खणताना निघालेली माती इथे आणून टाकली, खाली कामगारांच्या ये-जा करण्यासाठी बोगदे बांधले आणि उद्यान त्यांच्या डोक्यावर वसवले. त्यावर ते इतके खूश झाले की पुढचा तासभर जो भेटेल त्याला, शेजारच्या मेक्सिकन आजींनासुद्धा, "वी आर ऑन द फर्स्ट फ्लोअर" असे सांगत होते. आजी दर वेळी मान डोलावत होत्या. आपल्या वर्गात शिकवताना अप्पा हसल्याचे तुला आठवते का? मला एकदा आठवते, तेही इन्स्पेक्टर साहेबांची खुर्ची मोडली तेव्हा.

त्या उद्यानाच्या मुख्य रस्त्यावर रात्री बर्फ पडते. फ्लोरिडात बर्फ कुठले. इमारतींच्या छपरांवरून यंत्रे साबणाचा फेस उडवतात आणि खाली अर्ध्या बाहीच्या सदऱ्यातली माणसे हात पसरून उभी असतात. अप्पांनी तो तळहातावर घेतला, हुंगला आणि "निरमा" एवढाच निकाल दिला. पुढे ठिकठिकाणी पट्टी दाखवली की बिस्किटे आणि गरम चॉकलेट फुकट देतात. मी सवयीने विचारायला पुढे झालो की यात अंडे आहे का. अप्पा म्हणाले, "असू दे रे, किती चौकशा करशील." आणि खाल्ले! तुमच्या माडीवर तुझ्या आईने मला ऑम्लेट करून घातले होते, त्याचा वास माझ्या शर्टाला आला म्हणून मला ज्यांनी रात्री ओट्यावर बसवून ठेवले, तेच हे अप्पा. त्या ऑम्लेटचे नाव तूच फोडलेस असे माझे आजही मत आहे, पण ते राहू दे.

आता मूळ गोष्ट. रेवाला हिमगौरीच्या गोष्टीतले सात बुटके भेटायला हवे होते. ते सातही जण एकत्र असे क्वचितच भेटतात, म्हणून पार्टी सुरू होण्याआधीच त्यांच्यापुढे रांग लागते, आणि ती रांग म्हणजे दोन-दोन तासांचे काम. शुभदा अर्णवला घेऊन मिरवणुकीसाठी जागा धरायला गेली. चाकाची खुर्ची अप्पांनी दारातच नाकारली होती. आमच्यापुढे एक कुटुंब होते, आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत सगळ्यांनी एकाच कापडाचे लाल पायजमे घातलेले. अप्पा त्यांच्याकडे बराच वेळ पाहत होते. मग चहात साखर कमी आहे हे सांगावे तशा सुरात म्हणाले, "श्रीकांत, मी आता परत जात नाही. इथेच राहतो." तेवढ्यात रांग सरकली आणि ते रेवाचा हात धरून पुढे गेले.

मी "बघू" म्हणालो. आई गेल्यापासून दर खेपेला तुमच्या ओट्यावर बसून मी ज्या माणसाला विनवण्या केल्या, त्याने स्वतःहून होकार दिला आणि माझ्या तोंडून "बघू" आले. छातीत धस्स झाले, आनंद म्हणतात तसे काहीच झाले नाही. तू मागे म्हणाला होतास की मी त्यांना बोलावतो ते ते नाही म्हणतील याची खात्री असते म्हणून. त्यावरून आपले कडाक्याचे भांडण झाले आणि पुढच्या खेपेपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. तुझे ते म्हणणे मला अजूनही पटलेले नाही. ते हो म्हणाले असते तर मी तेव्हा खरेच आनंदाने आणले असते. तेव्हा ते सत्तरीचे होते, मुले लहान होती आणि शुभदा घरी होती. आज ते ७८ वर्षांचे आहेत. आम्ही दोघे सकाळी आठला बाहेर पडतो, मुले शाळेत जातात, आणि हा माणूस संध्याकाळपर्यंत अशा वसाहतीत एकटा असतो जिथून पायी चालत कोणत्याही दुकानापर्यंत जाता येत नाही. गाडी चालवता येत नसेल तर इथे दार उघडे असूनही माणूस कोंडलेला असतो. तिकडे वाईत त्यांना गणपती घाट आहे, वाचनालय आहे, तुझ्या दुकानासमोरचा बाक आहे. कृष्णाबाईच्या उत्सवात ते अजूनही मांडवातल्या खुर्च्या मोजून घेतात, असे तूच सांगितलेस. इथे ते काय मोजणार?

कायद्याचा आणि पैशांचा भाग वेगळाच. मी इथला नागरिक आहे, त्यामुळे वडिलांसाठी अर्ज करता येतो आणि आईवडिलांच्या अर्जांना वर्षाकाठी संख्येची मर्यादाही नाही. पण पासष्टी उलटलेल्या नव्या माणसाला सलग पाच वर्षे इथे राहिल्याशिवाय सरकारी आरोग्य विमा विकतसुद्धा घेता येत नाही; म्हणजे अप्पांच्या ८३व्या वर्षापर्यंत खाजगी विम्याचे हप्ते भरायचे आणि पडझड होऊ नये म्हणून ढोल्या गणपतीला साकडे घालायचे. शिवाय ग्रीनकार्ड घेतले की मनाला येईल तेव्हा वाईला जाऊन वर्ष दीड वर्ष राहता येत नाही, ते रद्द होण्याची भीती असते. हे सगळे मी त्यांना सांगितले की ते ऐकून घेतात आणि "तुला जमेल तसे कर" म्हणतात. ज्यांनी आयुष्यात कुणाला जमेल तसे करू दिले नाही, त्यांच्या तोंडचे हे वाक्य मला फार जड जाते.

आणि आता तुझ्याकडे येतो. रात्री परतताना आम्ही तळ्यावरून बोटीने वाहनतळाकडे येत होतो. अर्णव माझ्या खांद्यावर झोपला होता, अप्पा कठड्याला धरून उभे होते. मी म्हटले, घराचे काय, सामानाचे काय. तर म्हणाले, "सामान आहे कुठे? पुस्तके वाचनालयाला दिली. सायकल सुधीरला दिली." हे केव्हा झाले? अप्पा ऑक्टोबरात निघाले. त्यांनी सायकल दिली आणि तू ती घेतलीस, याचा अर्थ ते सहा महिन्यांसाठी येत नव्हते, हे तुला तेव्हाच कळले असणार. त्या सायकलीला ते तुला हातही लावू देत नव्हते. पसरणीच्या घाटात आपण पडलो तेव्हा हँडल तुझ्या हातात होते आणि ब्रेक मी लावला नाही असे तू त्यांना सांगितलेस, तेव्हापासून तर नाहीच. (मी मागे बसलो होतो, सुधीर. मागे बसलेला माणूस ब्रेक कसा लावणार? एवढ्या वर्षांत या प्रश्नाचे उत्तर तू दिलेले नाहीस.) आणि तरीही इतक्या महिन्यांत, दर रविवारी फोन होत असताना, एका शब्दानेही मला सांगितले नाहीस.

मी हे चिडून लिहीत नाही; म्हणजे थोडे चिडून लिहितो आहे, पण मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. त्या रात्रीचा सगळा झगमगाट, लाकडी शिपायांचे ते एका तालातले संचलन, दहा वाजताची आतषबाजी, सगळ्यांत शेवटी येणारा सांताक्लॉज, ओळखपाळख नसताना हसून बोलणारी माणसे, यांनी भारावून जाऊन अप्पा ते वाक्य बोलले असतील तर काळजीचे कारण नाही. जानेवारीत मुलांची शाळा सुरू झाली आणि दुपारी घर रिकामे झाले की ते आपोआप परतीचे तिकीट विचारतील. मिरवणुकीच्या वेळी ते शिपायांबरोबर पायाने ताल धरत होते. नंतर गर्दी ओसरल्यावर आम्ही बाहुल्यांच्या त्या नौकेत बसलो, जी १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी पहिल्यांदा बनवली होती. त्या वर्षी अप्पा एसएससीला होते आणि त्यांनी वाईबाहेरचे जग म्हणून सातारा तेवढा पाहिला होता, असे ते रेवाला सांगत होते. ताजमहाल नीट दिसला नाही म्हणून आम्हाला पुन्हा बसवले. इतके समाधानी मी त्यांना आई असतानाही पाहिलेले नाही. अशा रात्री माणूस काहीही बोलून जातो.

पण ते ठरवूनच निघाले असतील, तर गोष्ट निराळी आहे. एक तर वकील मला हेच विचारणार. पाहुणा म्हणून येताना विमानतळावर त्यांनी सहा महिने राहणार असे सांगितले आहे. तेव्हाच कायमचे राहायचे मनात होते असे निघाले, तर इथे राहून अर्ज करणे अडचणीचे होईल, आणि एप्रिलात परत पाठवून मुंबईहून रीतसर सगळे करावे लागेल. त्यात वर्षाच्या वर सहज जाते. दुसरे म्हणजे, ठरवून निघाले असतील तर तिकडे काहीतरी घडले आहे, जे मला कुणी सांगितलेले नाही. पडले होते का? रात्री एकटे झोपायची भीती वाटू लागली का? सकाळच्या घाटावरच्या मंडळींत आता कोण कोण उरले आहे? माझ्या चुलतभावाने घराच्या वाटणीचा विषय पुन्हा काढला का? शुभदा म्हणते, "कारण कशाला शोधतोस, मुलाच्या घरी राहावेसे वाटले, एवढे पुरेसे नाही का?" तिने तर खालच्या मजल्यावरची खोली त्यांच्यासाठी मोकळी करायलाही घेतली. सून तयार आणि मुलगा तिथी पाहतो आहे, हे दृश्य तुला फार आवडेल, मला ठाऊक आहे. तिचा हा मोठेपणा मला सध्या सहन होत नाही. तिच्यावर चिडायला कारण नाही म्हणून डिशवॉशर लावण्यावरून चिडतो.

अप्पांना थेट विचारत का नाहीस, असे तू म्हणशील. एकदा विचारले. ते म्हणाले, "तिकडे संध्याकाळी सातनंतर मी टीव्हीशी बोलतो." आणि पुढे अर्णवच्या बेरजा तपासू लागले. सातनंतर तू दुकान बंद करून त्यांच्याकडे जात होतास ना रे? की हल्ली जमत नव्हते? हा ठपका नाही. तुझ्यावर मुळात कसलीच जबाबदारी नव्हती, तू जे करत आलास ते मी इतक्या लांबून कधी केले नाही. फक्त खरे काय ते लिही.

तुझ्या नव्या गाळ्याचे काम कुठवर आले? सायलीच्या सीएच्या परीक्षेचे काय झाले ते वहिनींनी शुभदाला सांगितले, पण शुभदा नीट सांगत नाही. वहिनींच्या गुडघ्याला पुण्याच्या डॉक्टरांना दाखवणार होतात, दाखवलेत का?

या पत्राबद्दल रविवारच्या फोनवर अप्पांजवळ बोलू नकोस. घरपट्टीची पावती आली असेल तर फोटो पाठव. उत्तर मात्र हाताने लिहून, लिफाफ्यात घालून माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाक. तो या पानाच्या मागे लिहिला आहे. घरच्या पत्रपेटीतली टपाल आता रोज अप्पाच आणतात.

तुझा,
श्रीकांत