तुला इंदूर का सांगते

बडोदे, रविवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, बदली ग्वाल्हेरला घेऊ की इंदूरला?" आणि मी छोटीच्या खोकल्याचं विचारत बसले. उत्तर सुचत नव्हतं असं नाही, पण माहेरच्या गावाविरुद्ध बोलायला जीभ उचलेना. शुक्रवारपर्यंत तुला ऑफिसात कळवायचं आहे, म्हणून हे पत्र उद्याच स्पीड पोस्टानं सुरतेला टाकते.

आधी एक गोष्ट बाजूला काढून ठेव. बडोद्याला रात्री शांती एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी इंदूर, आणि ग्वाल्हेरला जायचं तर अख्खा दिवस मोडतो, हे तू दोनदा म्हणालीस. बाबा गेल्यापासून तुझा प्रत्येक हिशेब माझ्यापाशी येऊन थांबतो. हा हिशेब तसा करू नकोस. दांडिया बाजारात माझा शेजार भरलेला आहे, हातपाय चालताहेत. तू जिथे असशील तिथे मी येईन.

ग्वाल्हेरबद्दल मला कोरडेपणानं लिहिता येत नाही. लष्करातल्या आमच्या वाड्याच्या गच्चीवर गेलं की समोर किल्ला. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी 1810 च्या सुमारास तिथे पडली आणि छावणीचंच गाव झालं, म्हणून ते लष्कर. आजोबा म्हणायचे, आपण इथे पाहुणे नाही, तंबूच्या खुंट्या आपल्याच माणसांनी ठोकल्यात. मी माधव संगीत महाविद्यालयात तीन वर्षं गाणं शिकले. परीक्षेच्या आदल्या दिवशी आजी मला तानसेनच्या समाधीपाशी न्यायची आणि तिथल्या चिंचेचं पान चघळायला द्यायची. छोटीचा गळा चांगला आहे. ग्वाल्हेरला तिला गाणं लाभलं असतं, हे मनातून जात नाही.

आणि ग्वाल्हेरची बाजू नुसती आठवणींची नाही. जावईबापूंना महिन्यातून दोनदा दिल्ली गाठायची असते. तिथून वेगाच्या गाडीनं तीन-चार तास, म्हणजे सकाळी जाऊन रात्री घरी जेवायला. इंदूरहून एक रात्र गाडीत, नाहीतर विमान. ग्वाल्हेरला सिटी सेंटरच्या बाजूला घर मिळालं तर तुझं ऑफिसही हाकेच्या अंतरावर. उन्हाळा मात्र सुरतेसारखा घामाचा नव्हे. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, दुपारी लू चालते, वाळ्याचे पडदे भिजवून आम्ही खोल्यांत बसून राहायचो. जानेवारीत दाट धुकं. मी त्यात वाढले, छोटी वाढलेली नाही. इंदूर पठारावर आहे, तिथे उन्हाळ्यातसुद्धा रात्री वारा सुटतो.

पण हवेसाठी मी इंदूर म्हणत नाही. माझे धाकटे काका तुला आठवत असतील. ते ग्वाल्हेरला गिरणीत सुपरवायझर होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांचं वय 44. पगार तुंबलेले, फंडाच्या पैशांसाठी खेटे. तीन वर्षं ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे, महाराज बाड्यावर वर्तमानपत्र वाचायचे आणि दुपारी परत यायचे. काकू ब्लाउज शिवायची. गावात त्यांच्याजोगतं दुसरं काम नव्हतं. सरकारी नोकरीचं वय गेलेलं, दुकान टाकायला भांडवल नाही. जवळ मालनपूरला कारखाने होते, तिथे निम्मा लष्कर भाग रांगेत उभा.

शेवटी मावशीनं त्यांना इंदूरला बोलावलं. तिथे जवळच पिथमपूरला गाड्यांचे आणि सुट्या भागांचे कारखाने वाढत होते, दोन महिन्यांत काका एका स्टोअरमध्ये लागले. गिरण्या इंदूरच्याही बंद पडल्या, तिथल्या कामगारांनीही फार भोगलं. पण तिथे एक दार लागलं तर ठोठावायला दुसरं होतं. काकू मात्र मुलांच्या शाळेपायी साडेचार वर्षं ग्वाल्हेरलाच राहिली. धाकट्यानं वडिलांना सणावारीच पाहिलं.

तुझी नोकरी पक्की आहे, जावईबापूंची तशी नाही. लहान कंपनी, घरून काम. ते उद्या राहिलं नाही तर इंदूरला त्यांना शोधायला जागा आहे. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आहेत, लहानसहान कंपन्या तर विजयनगरच्या बाजूला गल्लोगल्ली. ग्वाल्हेरला राहून त्यांना नोएडाच शोधावं लागेल, आणि मग तुम्ही दोघं दोन गावांत. ते मला नको आहे. दिल्लीच्या दोन रात्री गाडीत गेल्या तर जाऊ देत.

इंदूर स्वच्छ आहे म्हणून मात्र भुलू नकोस. 2017 ते 2023 देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात पहिला नंबर त्यांनी सोडला नाही हे खरं, मावशीकडे कचऱ्याची गाडी घड्याळासारखी येते. पण पाणी नर्मदेचं, जलूदहून सत्तर किलोमीटर आणून पठारावर चढवलेलं. 1978 पासून ते येतं आहे आणि गाव त्याच्या पुढे धावतं आहे. मावशीचा नळ एक दिवसाआड. निपानिया, बिचोलीकडच्या नव्या सोसायट्यांत बरेचदा फक्त बोअर असतं, एप्रिल लागला की टँकर. भाडं विचारायच्या आधी विचार, नळ नर्मदेचा आहे का. रस्त्यावरची गर्दीही सुरतेच्या वरताण, तेव्हा घर ऑफिसजवळच बघ.

मराठीची काळजी दोन्हीकडे नाही. ग्वाल्हेरला 1961 साली साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. माझी आई मांडवात होती, आयुष्यभर सांगत राहिली. इंदूरला 2001 साली विजया राजाध्यक्ष. आजही तिथल्या सानंद संस्थेची मराठी नाटकं मावशी चुकवत नाही. छोटीची शाळा सीबीएसई, तिचं फार अडणार नाही. गाडी सुरत पासिंगची आहे. वर्षाच्या वर तिकडे ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागेल आणि तिथला टॅक्स भरावा लागेल. त्यासाठी सुरतेच्या आरटीओची एनओसी निघायच्या आधीच काढ, मागून सुरतेला खेपा घालणं जमत नाही.

तेव्हा शुक्रवारी इंदूर कळवून टाक. घर मात्र फोटो बघून ठरवू नकोस. मी शनिवारी रात्री शांतीनं निघते, तूही चार दिवसांची रजा टाकून मावशीकडे ये. घरं दुपारी दोन वाजता बघू. सकाळी सगळ्यांच्याच टाकीत पाणी असतं.

तुझी,
आई