नंदाला पत्र: कॅरस हरला नाही

म्हापसा, गोवा

प्रिय नंदा,

तुझं पत्र मिळालं. मुलांबरोबर बसून तू सैतानाने झपाटलेल्या मुलीचा तो 'द एक्झॉर्सिस्ट' सिनेमा पाहिलास हे वाचून केवढा आनंद झाला, आणि पुढचं वाचून तेवढीच अस्वस्थ झाले. मान गरगर फिरते तिथे मुलं हसली, हिरवी ओकारी बघून तू उठून आत गेलीस, आणि शेवटी दोन्ही पाद्री मेले म्हणजे सैतानच जिंकला, मग यात तुला एवढं काय दिसतं, असं विचारलंयस. कॉलेजात असल्यापासून तू मला हे विचारतेयस आणि मी दरवेळी 'आधी बघ, मग बोलू' म्हणत आलेय. आता पाहिलास, तर बोलूच.

मुलं हसली त्याचं मला वाईट वाटलं नाही. १९७३च्या डिसेंबरात आलेला सिनेमा तो, तेव्हापासून त्याच्या नकलाच इतक्या झाल्यात की मूळ प्रसंगच नक्कल वाटावा. पण हॉस्पिटलमध्ये ती हसली का गो? ती झपाटलेली बारा वर्षांची रीगन टेबलावर पडलेली, मानेत सुई घालतात, रक्ताची चिळकांडी उडते, आणि मग ते यंत्र धडाधड एक्स-रे काढत राहतं. तिथे भूत नाही, संगीत नाही, कुणी दुष्टही नाही. डॉक्टर आपलं काम चोख करतायत. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन आधी माहितीपट करायचा, आणि तो हात इथे दिसतो. मला सगळ्या सिनेमात सर्वात जास्त भीती याच प्रसंगाची वाटते. आईच्या शेवटच्या आजारपणात एका तपासणीहून दुसऱ्या तपासणीला तिला नेताना मला रीगनची आई आठवायची. काचेपलीकडून बघत राहण्यापलीकडे तिच्या हातात काही नसतं. पुढे डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये ती ओरडते, अठ्ठ्याऐंशी डॉक्टर, आणि तुम्ही मला एवढंच सांगता! आई झालेल्या एलन बर्स्टिनने ते वाक्य असं फेकलंय की तिथे मी दरवेळी तिच्या बाजूने उभी राहते.

आणि एक लक्षात आलं का तुझ्या? भूत उतरवायची कल्पना चर्चमधून येत नाही, डॉक्टरांकडून येते. तेही श्रद्धेने नाही. रोग्याचाच विश्वास असेल तर त्या धक्क्याने कदाचित बरं वाटेल, एवढाच त्यांचा हिशोब. देव न मानणारी आई ही गोष्ट घेऊन पाद्रीकडे जाते, तर तो पाद्री, फादर कॅरस, मानसोपचारतज्ज्ञ निघतो आणि तिलाच समजावतो, की यासाठी टाइम मशीनमध्ये बसून सोळाव्या शतकात जावं लागेल.

हे वाक्य मी गोव्यात राहणाऱ्या माणसासारखी ऐकते. सोळावं शतक आपल्याला लांबचं नाही. १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर इथे उतरले ते जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे पाद्री, आणि १६१६ मध्ये मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण छापून आणणारे फादर स्टीफन्सही जेझुइट. कॅरस आणि भूत उतरवायला येणारा म्हातारा फादर मेरिन त्याच संघाचे. म्हणून हे दोघे मला कधी परदेशी वाटलेच नाहीत. शाळेच्या वाटेवर पांढऱ्या झग्यातले पाद्री आपल्याला रोज दिसायचे, मिलाग्रिस सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला तेल घेऊन आपल्या घरच्या बायकाही जायच्या. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला जे अद्भुत वाटलं असेल, ते आपल्याला निम्मं ओळखीचं होतं.

पण निम्मंच. उरलेल्या निम्म्याबद्दल मला तुला सांगायचंय, कारण माझ्या मते सगळा सिनेमा तिथे आहे.

पेडण्याची पुनव तू आमच्याबरोबर पाहिलीयस. कोजागिरीच्या रात्री रवळनाथ-भूतनाथाची तरंगं, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, निघतात, ज्यांना बाधा झालीय असं घरच्यांना वाटतं त्यांना त्या गर्दीत आणतात. तू घाबरून माझा हात घट्ट धरला होतास. मी मात्र घाबरले नव्हते, कारण आजीकडून मी लहानपणापासून एकच ऐकलं होतं: आलेल्याशी बोलायचं. कोण तू, कुठला, काय राहिलं तुझं, काय हवं तुला? घाडी, म्हणजे भूत उतरवणारा, विचारतो, अंगात आलेलं सांगतं, गाऱ्हाणं घातलं जातं, नारळ ठेवतात, देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदार आत्म्याला, रोट (जाड भाकरी) आणि सोरो (दारू) देतात, आणि तो वाटेला लागतो. राखणदारसुद्धा रागावतो तो आपण काही चुकलो म्हणून. आपल्याकडे भूत म्हणजे कुणाचं तरी राहून गेलेलं मागणं. त्याच्याशी तडजोड होते. मी या गोष्टी मानते की नाही, हा प्रश्न वेगळा. पण माझ्या भीतीचा साचा त्यावर पडलाय.

आता मेरिन आठव. धुक्यातून येतो, दिव्याच्या खांबाखाली बॅग घेऊन उभा राहतो, घरात शिरतो आणि लगेच कामाला लागतो. कॅरस त्याला सांगू लागतो की मला या मुलीत तीन व्यक्ती दिसतात. मेरिन म्हणतो, एकच आहे. आणि मग ताकीद देतो, की त्या सैतानाशी संवाद टाळायचा. तो खोटं बोलतो, पण त्या खोट्यात खरं मिसळतो, आपल्यावर वार करण्यासाठी. नंदा, मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या पायाखालची जमीनच सरकली. विचारायचंच नाही? मग त्याला काय हवंय ते कळणार कसं? हळूहळू उमगलं की त्याला काही नकोच आहे. कुठलाही नारळ, कुठलाही रोट त्याला पुरणार नाही. त्याची काहीच मागणी नाही, हीच या सिनेमातली खरी भीती, आणि पेडण्यात वाढलेल्या माणसाला ती सिनेमा जिथे घडतो त्या वॉशिंग्टनच्या माणसापेक्षा जास्त कळते असं मला मनापासून वाटतं.

आणि ही ताकीद दिली जाते कुणाला, तर ज्याची आई नुकतीच एकटी गेली त्याला. कॅरसच्या आईचे प्रसंग तू पुन्हा बघ. न्यूयॉर्कमधलं ते जुनं घर, रेडिओ, पायाला बांधलेलं फडकं. मुलगा शिकलेला डॉक्टर, पण पाद्री झाला म्हणून हातात पैसा नाही, आणि म्हातारीला मनोरुग्णांच्या वॉर्डात ठेवावं लागतं. तिथे ती त्याच्याकडून तोंड फिरवते. स्टेशनात एक भिकारी म्हणतो, फादर, जुन्या आल्टर बॉयला (चर्चमध्ये पाद्रीच्या हाताखाली काम केलेल्या मुलाला) मदत करा. कॅरस मदत न करता पुढे जातो. पुढे रीगनच्या खोलीत तो नेमका हाच आवाज ऐकतो. नंतर आईचाही. तू माझ्याशी असं का वागलास, डिमी?

ज्याच्याशी बोलायचं नाही असं बजावलंय तो आईच्या आवाजात बोलतो. आता मुलाने उत्तर द्यायचं की नाही? मंत्रपठण, पलंग हलणं, मुलगी अधांतरी उचलली जाणं, ही सगळी आरास आहे गो. लढाई या एका प्रश्नावर आहे. आणि तिथे कॅरस मोडतो, मेरिन त्याला बाहेर पाठवतो. जिन्याखाली बसलेल्या त्याला रीगनची आई विचारते, ती मरणार आहे का? तो 'नाही' म्हणतो आणि उठतो. कॅरस झालेला जेसन मिलर मुळात नाटककार, सिनेमात नवखा. पण त्या 'नाही'मध्ये त्याने काय ओतलंय! वर जातो तर मेरिन मेलेला. मग कॅरस मंत्र म्हणत नाही, वादही घालत नाही. तो रीगनला धरतो आणि तिच्यातल्या सैतानाला म्हणतो, मला घे. आणि ते अंगात आल्यावर, मुलीच्या गळ्याकडे गेलेले स्वतःचे हात आवरून खिडकीबाहेर झेपावतो.

तू म्हणतेस सैतान जिंकला. विल्यम पीटर ब्लॅटीला नेमकी हीच चिंता होती. मूळ कादंबरी १९७१ची त्याची, पटकथा त्याची, निर्माताही तोच. १९४९ मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात शिकत असताना त्याने मेरीलँडमधल्या एका मुलावर झालेल्या अशा विधीची बातमी वाचली होती आणि ती त्याच्या डोक्यातून गेली नाही. तो स्वतः श्रद्धावान माणूस, कॅरसचा विजय लोकांना कळावा म्हणून धडपडायचा. मला विचारशील तर फ्रीडकिनने सगळं दाखवलंय. खिडकीखालच्या पायऱ्यांच्या तळाशी पडलेल्या कॅरसला त्याचे मित्र फादर डायर विचारतात, पापांची कबुली द्यायचीय का, आणि कॅरसची बोटं त्यांचा हात दाबतात. हरलेल्याला पश्चात्ताप सुचत नाही, नंदा. तो शेवटपर्यंत स्वतःचा होता. आणि रीगनला काही आठवत नसताना डायरांच्या गळ्यातली पांढरी पट्टी दिसते आणि ती त्यांच्या गालाची पापी घेते, ते तर तू नक्कीच पाहिलं असशील.

डायर झालेले विल्यम ओ'मॅली खरेखुरे जेझुइट पाद्री होते. त्या शेवटच्या प्रसंगात थरथर यावी म्हणून फ्रीडकिनने कॅमेऱ्याआधी त्यांच्या थोबाडीत मारली होती. ही गोष्ट मला अजून खुपते. बर्स्टिनच्या पाठीलाही चित्रीकरणात दुखापत झाली, आणि रीगनची खोली एअर कंडिशनरांनी इतकी थंड केली होती की श्वास दिसावा, त्यात रीगन झालेली लिंडा ब्लेअर बिचारी पातळ नाइटगाउनवर. सिनेमा मला प्राणापलीकडे आवडतो, तरी लेकराला असं वागवायचा हक्क कुठल्या सिनेमाला नाही, असंच मी म्हणेन.

आवाजाबद्दल मात्र कितीही लिहिलं तरी थोडं. राक्षसाचा आवाज मर्सिडीझ मॅककेंब्रिज या नटीचा, कच्ची अंडी गिळून, सिगरेटी ओढून घसा खरवडून काढलेला. सुरुवातीला तिचं नावच पडद्यावर नव्हतं, भांडून मिळवलं तिने. दहा नामांकनांपैकी दोनच ऑस्कर मिळाले, पटकथेचा आणि ध्वनीचा, आणि ध्वनीचा तर हक्काचाच होता. माळ्यावरच्या खुडबुडीपासून बघ. तुझ्या मुलांनी टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर पाहिला असणार, म्हणून हसली.

आता एक काम कर. २०००मध्ये आलेली लांब आवृत्ती मिळेल तर आधी ती नको. तिच्यात मेरिन आणि कॅरस जिन्यावर बसून बोलतात तो प्रसंग मोलाचा आहे: ही मुलगीच का, असं विचारल्यावर मेरिन म्हणतो की आपण निराश व्हावं, स्वतःला जनावर आणि ओंगळ समजावं, म्हणून. पण रीगन उलटी होऊन जिना उतरते तो प्रसंगही तिच्यातच, आणि तो मला नुसता दचकवण्यापुरता वाटतो. १२२ मिनिटांची मूळ आवृत्ती घे, रात्री, कानाला हेडफोन लावून, मुलं झोपल्यावर. इराकमधल्या सुरुवातीला कंटाळून पुढे ढकलू नकोस. लोहारांचे घण, थांबलेलं घड्याळ, पझूझू या राक्षसाच्या मूर्तीसमोर एकटा उभा राहिलेला म्हातारा, यातूनच कळतं की मेरिनला ही लढाई येणार हे आधीच ठाऊक होतं. तो म्हातारा दिसणारा माक्स फॉन सिडो तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटलं नव्हतं. डिक स्मिथच्या मेकअपची करामत ती.

बघून झालं की लिही. मला फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवंय: आईचा आवाज आल्यावर कॅरसने गप्प राहायला हवं होतं का? मी अजून ठरवू शकलेले नाही. तू दोन मुलांची आई, तुझं मत माझ्याहून वेगळं निघेल असं वाटतं. इफ्फी चित्रपट महोत्सवाला नोव्हेंबरात येशील तेव्हा इथेच उतर, मग रात्रभर भांडू.

मुलांना खूप आशीर्वाद, भावोजींना नमस्कार.

तुझी,
शैला