फ्रिस्कोला जाण्याआधी

अकोला

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, टेक्सासला स्टेटचा इन्कम टॅक्स शून्य आहे, मग न्यू जर्सीत कशाला राहायचं?" मी नुसतं हूं केलं, कारण तुझ्या आईला फोन हवा होता. पण जन्मभर बँकेत खतावणी लिहिलेल्या माणसाला शून्य ऐकलं की झोप येत नाही.

वही काढली. तुम्हा दोघांचं मिळून करपात्र उत्पन्न दीड लाख डॉलर धरलं. न्यू जर्सीचा कर १.४ टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने चढतो. सगळे टप्पे जोडले की वर्षाला सुमारे ५,५०० डॉलर होतात. टेक्सासला हे वाचतील, कबूल. आणि २०१९ मध्ये तिथल्या मतदारांनी असा कर लावायला राज्यघटनेतच मनाई केली, तेव्हा तो सहजासहजी येणारही नाही.

आता घरपट्टी. तुमच्या न्यू जर्सीचं नाव त्यात आधीच बदनाम. २०२४ साली सरासरी बिल १०,००० डॉलरच्या वर गेलं. पण टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या फ्रिस्कोला दादाच्या ठकीकडे राहिलो तेव्हा तिच्या फ्रिजवर चिकटवलेलं बिल मी चष्मा लावून वाचलं: ९,४०० डॉलर! इन्कम टॅक्स नाही, म्हणून शाळांचा खर्च घरांवरून निघतो. शिवाय तिकडे गारा पडतात त्या लिंबाएवढ्या, छपरं फुटतात, म्हणून घराचा विमाही महाग. तू आज भाड्याने राहतोस, घरपट्टी भाड्यात दडलेली असते, म्हणून ती तुला बोचत नाही. तिथे घर घेतलंस की बोचेल. एक मात्र खरं, तेवढ्याच पैशांत ठकीचं घर तुमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घराच्या दुप्पट आहे. पाहुण्यांची खोली, वर सिनेमाची खोली, मागे अंगण.

त्या दुप्पट घरात मी दोन महिने कैदेत होतो, हे तिला सांगू नकोस.

एडिसनला सकाळी चहा झाला की मी ओक ट्री रोडवर जायचो. कोथिंबीर घ्यायची, कुणी गुजराती गृहस्थ भेटला की पाठदुखीवर बोलायचं, परत यायचं. तू मेट्रोपार्क स्टेशनहून लोकल पकडून न्यू यॉर्कला जायचास, तेव्हा कार घरी असायची आणि सूनबाई चिमीला घेऊन कुठेही जायची. फ्रिस्कोला डॅलसची लोकल पोचतच नाही. दुकान चार मैलांवर, मध्ये सहा पदरी रस्ता. संध्याकाळी फिरायला निघालो तर फुटपाथवर मी आणि शिंपडणारे पाण्याचे फवारे, तिसरं कुणी नाही. ऊन म्हणशील, तर अकोल्याच्या माणसाला ऊन काय दाखवता? २०११ साली डॅलसला सलग ४० दिवस पारा १०० फॅरनहाइटच्या वर राहिला म्हणे. आमच्याकडे त्याला मे महिना म्हणतात. पण आमच्याकडे सूर्य कलला की माणसं ओट्यावर येतात. तिथे गॅरेजचं दार उघडतं, गाडी आत जाते, दार बंद होतं.

विजेचंही लिहितो. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत ठकीकडे तीन दिवस दिवे नव्हते. तिने बागेतला बर्फ वितळवून भांडी घासली. टेक्सासचं विजेचं जाळं बाकी देशापासून बहुतांशी वेगळं, बाहेरून फारशी वीज घेता आली नाही. सरकारी आकड्यानुसार २४६ माणसं गेली. आपलं भारनियमन बरं, निदान वेळापत्रक तरी असायचं! तुमच्याकडेही २०१२ च्या सँडी वादळात कित्येक दिवस अंधार होता, ते विसरलेलो नाही.

आईचा निरोप वेगळा आहे. सूनबाईला दुसऱ्या बाळाचं मनात असेल, तर टेक्सासचा गर्भपाताचा कायदा नीट वाचायला सांग. २०२२ पासून जवळजवळ संपूर्ण बंदी आहे. गरोदर बाईच्या जिवाला धोका असेल तेव्हा सूट आहे, पण ती कधी लागू होते यावरून डॉक्टरच बिचकतात. हे मला लिहायला अवघड जातं, पण तुझी आई मागे उभी राहून वाचते आहे.

आणि एक बारीकशी गोष्ट. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायला १९४९ पासून बंदी. गाडीत बसून राहायचं, अगदी आपल्या पंपासारखं. मला फार आवडायचं. टेक्सासला ठकीने माझ्या हातात नळी दिली.

माणसांची चिंता नको. अमेरिकेतल्या मराठी लोकांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन २०१९ ला डॅलसला झालं आणि २०२२ ला न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीला. पुरणपोळी दोन्हीकडे मिळेल.

जायचंच ठरलं तर आधी जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर भाड्याने राहून बघ. घर बघायला जाशील, तेव्हा चिमीला बरोबर घे, गाडी दारात ठेव आणि तिच्या शाळेपर्यंत चालत जा. किती मिनिटं लागली ते कळव. वहीत तेवढा एक रकाना रिकामा ठेवला आहे.

तुझा,
बाबा