जुनी गाडी थंड असतानाच पाहा

महोदय,

मार्चमध्ये मी दहा वर्षे वापरलेली दोन दारांची स्पोर्ट्‌स कार घेतली. विक्रेत्याने इंजिन आधीच तापवून ठेवले होते, चक्कर मारताना गाणीही लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला गिअर पडता पडेना, रिव्हर्स टाकताना करकर. क्लच दाबला की खालून किरकिर, सोडला की बंद!

आमच्या मिस्त्रींनी लगेच ओळखले. दाबल्यावर आवाज येतो तो रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर आला, तर बहुधा गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा. फ्लुइडच्या दाबावर क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचे रबर त्यांनी मागे सारले, तर आतून काळे झालेले फ्लुइड ठिबकले. ते गळाले की क्लच पुरता सुटत नाही, म्हणून गिअर घट्ट. रिलीज बेअरिंगसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा क्लच प्लेट, प्रेशर प्लेटही बदलून घेतली. मजुरी एकदाच पडते.

गाडी नावावर करताना फॉर्म २९, ३० भरले, सगळे कागद तपासले गेले. क्लच कुणी पाहिला नाही. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांवर क्लच-गिअरबॉक्सचा लेखी तपासणी अहवाल देण्याची सक्ती परिवहन विभागाने करावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, कोथरूड, पुणे